फळीवरचे एकोणीस

चर्चमागच्या कुंपणाच्या खांबावर बर्फाची टोपी चढली होती आणि तिची उंची एक्केचाळीस सेंटिमीटर होती. अफ्राने ती दोनदा मोजली, एकदा वरून पट्टी खुपसून आणि एकदा बाजूने पट्टी टेकवून. तिथून तीन पावलांवर पांढऱ्या रंगाची मोजफळी होती. तिच्यावर त्याच आभाळातून, त्याच रात्री पडलेला बर्फ एकोणीस सेंटिमीटर होता.

तिने फळीही दोनदा मोजली. एकोणीस म्हणजे एकोणीसच.

अफ्रा गावच्या चीज कारखान्यात वीस वर्षं दूध तपासत होती. एकाच कॅनमधून काढलेल्या दोन नमुन्यांत एवढा फरक आला, तर त्यात गाईचा दोष नसतो, कोणीतरी कॅनला हात लावलेला असतो. तिने खिशातून पत्र्याची पातळ पाती काढली आणि खांबावरची टोपी वरून खालपर्यंत केकसारखी कापली. वरचा अर्धा भाग दमट, घट्ट आणि जड होता. खालचा अर्धा इतका हलका, की तिने फुंकर मारताच उडाला. फळीवर फक्त वरचा, जड भाग होता. खालची पिसं कोणीतरी चोरली होती.

मांजर? मांजर एवढं नीट झाडत नाही. वारा? फळी मुद्दाम चर्चच्या भिंतीच्या आडोशाला ठेवलेली, तिथे वारा पोचत नसे. पाद्रीबाबा? ते आठच्या आत उठत नाहीत हे गावाला माहीत होतं आणि देवालाही.

मग तिला खळगे दिसले. नवा बर्फ वर साचून ते जवळजवळ बुजले होते, तरी सकाळच्या तिरप्या उजेडात ओळीने दिसत होते. दोन मोठे, आणि डावीकडे एक लहान गोल, पुन्हा दोन मोठे, पुन्हा एक लहान गोल. तीन पायांचा प्राणी. तो फाटकातून आत आला होता, फळीपर्यंत गेला होता, परत फिरला होता आणि जाताना फाटकाची कडी लावून गेला होता.

अफ्राने वहीत लिहिलं: फळी १९, खांब ४१, तापमान उणे एक. प्राण्याविषयी तिने काही लिहिलं नाही. उत्तर कळणं आणि उत्तर लिहिणं यांच्यामध्ये एक पायरी असते असं ती मानायची. गावाच्या मते, ती त्या पायरीवरच बसून राहायची.

ओबरशाइट गावातून खाली जायला एकच रस्ता आहे, आणि चौथ्या किलोमीटरला तो म्हातारीच्या घळीखालून जातो. म्हातारी म्हणजे त्या घळीतून कोसळणारा बर्फाचा लोंढा. गावात तिच्याविषयी लांबच्या, तापट आत्याविषयी बोलावं तसं बोलतात. म्हातारी झोपलीय, म्हातारी कूस बदलतेय, म्हातारीला यंदा कोणी काही बोललं वाटतं. ती उठणार की नाही हे सांगण्यासाठी गावात हिमस्खलन आयोग आहे. आयोग ऐकायला मोठा वाटतो. प्रत्यक्षात त्यात अफ्रा होती, बर्फ हटवायचा ट्रक चालवणारा विन्झेंझ होता, आणि तिसरी खुर्ची नोव्हेंबरपासून रिकामी होती.

आयोगाने निर्णय सांगायचा आणि सरपंचाने सही करायची अशी पद्धत. सरपंच होता गेबहार्ड, म्हणजे अफ्राचा थोरला भाऊ. साडेसातला ती अग्निशामक दलाच्या खोलीत शिरली तेव्हा तो टेबलावर बसून लाकडी गोट्याला मेण लावत होता. गोटा म्हणजे ताटाएवढी जाड चकती, भोवती लोखंडी कडं, वर मूठ. गोठलेल्या तळ्यावर तो सरकवायचा आणि समोरच्याचा उडवायचा, असा खेळ.

"किती?" गेबहार्डने मान वर न करता विचारलं.

"फळीवर एकोणीस."

"एकोणीस!" त्याने मेणाचं फडकं हवेत उडवलं. "विन्झेंझ, ऐकलंस? तिसाच्या आत! कागद काढ."

"खांबावर एक्केचाळीस," अफ्रा म्हणाली.

"खांबावर कोण मोजतं? खांब काय आयोगाचा सदस्य आहे?"

"सदस्यांत सगळ्यात कमी बडबड करणारा तोच," कोपऱ्यातून विन्झेंझ म्हणाला. तो कॉफीत पाव बुडवत होता.

कागदावर तीन चौकोन होते. उघडा. उघडा, लक्ष ठेवून. बंद. चोवीस तासांतला नवा बर्फ तीस सेंटिमीटरच्या आत असेल तर आयोगाने फारसं डोकं खाजवू नये, अशी जुनी पद्धत होती. यंदाच्या हिवाळ्यात अफ्राने पाच वेळा कागद भरला होता आणि पाचही वेळा मधल्या चौकोनात फुली मारून तो सूचनाफलकावर लावून, कोणाशी एक शब्द न बोलता कारखान्यात निघून गेली होती. पाचही वेळा म्हातारी झोपून राहिली. तरी गावाने तिचं नाव 'लक्षठेवी' पाडलंच.

"हे बघ अफ्रे," गेबहार्ड टेबलावरून उतरला. "आज खालच्या माटेन गावाशी सामना. साडेदहाला बस. आपण अकरा वर्षं हरतोय. हरलेल्या कप्तानाने जिंकलेल्यांच्या खानावळीत एप्रन बांधून वाढायचं असतं. अकरा वर्षं मी त्या माटेनवाल्यांना सूप वाढतोय. त्या एप्रनला आता माझ्या पोटाचा आकार आलाय. गेलोच नाही, तरी हरल्यात जमा. यंदा गोटे बघ कसे सरकतात! यंदा त्यांच्या त्या फ्लोरियानला मी एप्रन बांधलेला बघणार आहे, मग मेलो तरी चालेल."

"तोच तर मुद्दा आहे," विन्झेंझ म्हणाला.

"बसमध्ये अठरा माणसं आहेत," अफ्रा म्हणाली.

"एकोणीस. ड्रायव्हरला धर ना."

"फळीवरचा आकडा खरा नाही, गेबहार्ड. फळी कोणीतरी रात्री झाडलीय."

"फळी कोण झाडेल? फळी झाडायला कोण उठेल?" त्याने दोन्ही हात पसरले. मग त्याचा आवाज खाली आला. "एंगेलबर्टने एकदा माझी नवरी अडवली होती, माहीत आहे ना? तुम्ही लोकांनी आता माझा सामना अडवू नका."

हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. एंगेलबर्ट नोव्हेंबरपर्यंत, छत्तीस वर्षं, आयोगाचा अध्यक्ष होता, आणि तीस वर्षांपूर्वी, गेबहार्डच्या लग्नाच्या सकाळी, त्याने रस्ता बंद केला. नवरी खाली माटेनला अडकली, तिची माणसंही. ओबरशाइटने नवरीशिवाय जेवण उरकलं, नवरीशिवाय नाचून घेतलं, आणि म्हातारी काही आली नाही. त्यानंतर एंगेलबर्टने अकरा वेळा रस्ता बंद केला आणि त्यातल्या नऊ वेळा ती आली, एकदा तर चार घरं उंच ढीग रस्त्यावर टाकून गेली. त्या नऊंची आठवण कोणी काढत नाही. आजही त्याचं गावातलं नाव 'वऱ्हाडअडव्या' आहे.

अफ्राला हे नाव रोज आठवायचं. विशेषतः कागदावरचा तिसरा चौकोन बघताना.

"घळीवरचं मोजयंत्र काय म्हणतंय?" विन्झेंझने विचारलं.

"मध्यरात्रीपासून गप्प आहे. गोठलं असेल." तिने फावडं उचललं. "मी खड्डा खणून बघते. येतोस?"

"सव्वादहापर्यंत सांग म्हणजे झालं," गेबहार्ड मागून ओरडला. "आणि अफ्रे! मधला चौकोन चालेल हं मला. मधला माझा आवडता आहे!"

गावावरच्या उतारावर, सरळ उभी असलेली सूचिपर्णी झाडं जिथे संपतात तिथे, आयोगाची खड्ड्याची जागा आहे. उतार म्हातारीच्याच बाजूचा, त्याच दिशेला तोंड असलेला, पण एवढासा, की सुटलाच तर फार तर गुडघ्यापर्यंत भिजवेल. बर्फ पडतच होता. आता तो मऊ पिसांचा नव्हता, टपटप पडणाऱ्या ओलसर पुंजक्यांचा होता. विन्झेंझने खणलं आणि अफ्राने खड्ड्याची भिंत ब्रशने साफ केली, अगदी दात घासल्यासारखी.

थर स्पष्ट होते. वर एक्केचाळीस सेंटिमीटर नवा बर्फ, घट्टावर हलकं नव्हे, हलक्यावर घट्ट, म्हणजे उलटा. त्याच्याखाली बोटाच्या नखाएवढी राखाडी रेघ. तिने भिंगातून बघितलं. गेल्या आठवड्याच्या स्वच्छ, कडाक्याच्या थंडीत जुन्या बर्फावर उगवलेले दवाचे स्फटिक होते ते, उभे, पंख्यासारखे, प्रत्येकावर बारीक रेषा. त्या आठवड्यात सगळं गाव त्यांचे फोटो काढत होतं. आता ते चाळीस सेंटिमीटर ओझ्याखाली उभे होते, पत्त्यांच्या बंगल्यासारखे.

"सुंदर दिसतायत," भिंग परत देत विन्झेंझ म्हणाला. "माझ्या सासूसारखे. लांबून."

अफ्राने खड्ड्याच्या भिंतीतून तीस सेंटिमीटर रुंद खांब कापला, बाजू मोकळ्या केल्या आणि वर फावडं आडवं ठेवलं. आता फावड्यावर हाताने टकट्या मारायच्या आणि कितव्या टकटीला बर्फ सुटतो ते मोजायचं: पहिल्या दहा मनगटातून, पुढच्या दहा कोपरातून, शेवटच्या दहा खांद्यातून.

"तू मार," विन्झेंझ म्हणाला. "माझा हात जड आहे. उद्या म्हणशील मी मुद्दाम मारल्या."

मनगटाच्या दहा. काही नाही. कोपराची पहिली. दुसरी. तिसरीला, आवाज न करता, खांबाचा वरचा भाग पुढे आला, अगदी ड्रॉवर ओढल्यासारखा, आणि अफ्राच्या मांडीवर येऊन बसला. राहिलेला पृष्ठभाग काचेसारखा सपाट होता.

दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"तेरा," ती म्हणाली.

"तेरा वाईट?"

"तेरा बरा नाही. सहा असता तर तिथेच ठरलं असतं. पंचवीस असता तर काळजीच नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे हा बर्फ कसा पडला त्यावर आहे. रात्रभर सावकाश पडला असेल तर खालच्या थराला सवय झाली असेल. जर निम्मा शेवटच्या तीन तासांत पडला असेल, वाऱ्यासकट, तर घळीच्या डोक्यावर आत्ता याच्या दुप्पट साचलं असणार आणि अजून साचतंय. यंत्र गप्प आहे, फळी झाडलेली आहे. मला रात्रीचा आकडा हवा, वेळेसकट."

"तो कोणाकडे असणार?"

अफ्राने अंगावरचा बर्फ झटकला. "एका तीन पायांच्या प्राण्याकडे," ती म्हणाली.

रोझिनाकाकूंच्या स्वयंपाकघरात कांदा परतल्याचा वास होता. काकू चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या. चुलीवरच्या दांडीवर गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे लोंबत होते आणि त्यांतून किंचित वाफ येत होती. कोपऱ्यातल्या बाकावर एंगेलबर्टकाका खिडकीबाहेर बघत बसले होते. खिडकीबाहेर बघायला काही नव्हतं, सगळं पांढरं होतं. त्यांची काठी बाकाखाली, अगदी भिंतीला चिकटवून ठेवलेली होती.

शरद ऋतूत काकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा काकूंनी त्यांच्याकडून शब्द घेतला होता. उजाडायच्या आत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं, तर हिवाळाभर इन्सब्रुकला लेकीकडे. लेक पाचव्या मजल्यावर राहते. तिथून बर्फ दिसतो, पण मोजता येत नाही.

"काका," अफ्रा बाकाच्या टोकाला बसली, "रात्री कोणीतरी फळी झाडली."

"अरेरे," काका म्हणाले. "कोण असेल?"

"तीन पायांचं काहीतरी."

"कोल्हा असेल. लंगडा."

"जाताना फाटकाची कडी लावून गेला."

"हल्लीचे कोल्हे हुशार झालेत."

"म्हातारेही," काकू मागे न बघता म्हणाल्या.

काकांनी खिडकीतला पांढरा रंग आणखी बारकाईने बघायला घेतला. अफ्राने घड्याळ पाहिलं. नऊ वीस. सरळ विचारून उपयोग नव्हता. सरळ विचारलं तर ते नाही म्हणतील, आणि एकदा नाही म्हटलं की छत्तीस वर्षं त्यांनी शब्द फिरवलेला कोणी पाहिला नव्हता.

"काका, समजा," ती म्हणाली, "एखाद्या माणसाला चारच्या सुमाराला झोप लागत नसेल."

"समजा," काका सावधपणे म्हणाले.

"समजा तो चर्चमागे गेला."

"कशाला जाईल? वेडा आहे का?"

"समजा आहे."

चुलीवर कांदा चुरचुरला. काकांनी काकूंच्या पाठीकडे पाहिलं, मग अफ्राकडे, मग तिच्या हातातल्या वहीकडे. वहीचं पान कोरं होतं. कोरं पान त्यांना कधीच सोसत नसे.

"समजा गेला असता," ते हळूच म्हणाले, "तर त्याला बावीस मिळाले असते."

अफ्राने लिहिलं. "बावीस."

"साडेबावीस," काका म्हणाले. "समजा."

"किती वाजता?"

"समजा, चाराला पाच कमी."

"तापमान?"

"उणे सात. समजा."

"आणि वारा?"

"तोपर्यंत नव्हताच गं. तो माणूस परत निघाला तेव्हा सुटला. समजा लोहाराच्या धुराड्याचा धूर एकदम आडवा झाला. पश्चिमेकडून, सरळ घळीच्या बाजूला."

अफ्राची पेन्सिल थांबली. संध्याकाळी सातला बर्फ सुरू झाल्यापासून चारपर्यंत, नऊ तास, साडेबावीस, हलका, थंड, शांत. चारपासून सातपर्यंत, तीन तास, एकोणीस, जड, उबदार, आडव्या वाऱ्याचा. तासाला अडीचावरून सहाच्या वर. आणि हे चर्चच्या आडोशाला.

"पण फळी का झाडली?" तिने विचारलं.

"मोजल्यावर फळी झाडायची असते!" काका दुखावल्यासारखे म्हणाले, जेवल्यावर हात धुवायचे असतात हे कोणाला समजावून सांगावं तसे. "रोज मी झाडत नाही. रोज नुसती कोपऱ्यात पट्टी खुपसतो, तुझ्या आकड्याला धक्का नको म्हणून. आज बावीस बघितले आणि हात आपोआप गेला. विसरलो, की आता ते माझं काम..."

ते थांबले. 'समजा' हा शब्द कुठेतरी मागेच राहून गेला होता. ते तिघांच्याही लक्षात आलं.

अफ्राला फळीच्या कोपऱ्यातली बारीक चीर आठवली. हिवाळाभर रोज सकाळी ती तिथे असायची आणि अफ्राने वहीत तिच्यापुढे लिहून ठेवलं होतं: पक्षी.

काकू वळल्या. हातात चमचा होता. त्यांनी चमच्याने दांडीवरचे मोजे दाखवले.

"पाच वाजल्यापासून वाळतायत," त्या म्हणाल्या. "डिसेंबरपासून रोज वाळतायत. मी विचार केला, याला इन्सब्रुकला धाडलं तर मी रोज सकाळी वाळवू काय?"

"तुला माहीत होतं?" काका म्हणाले.

"बर्टल, तू जिन्याची तिसरी पायरी चुकवून उतरतोस कारण ती करकरते. आणि मग चौथीवर धप्पकन पडतोस. अख्ख्या गल्लीला माहीत आहे."

काकांनी बाकाच्या गादीखालून एक निळी वही काढली आणि अफ्रासमोर ठेवली. आजच्या तारखेपुढे पेन्सिलीने लिहिलेलं होतं: साडेबावीस. पुढे धुराड्याचं लहानसं चित्र आणि आडवा धूर.

"तुम्ही काय केलं असतं, काका?"

"मी बाकावर बसलोय. मला विचारू नकोस."

"काका."

"गेबहार्डच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी वर गेलो होतो," ते म्हणाले. "खड्डा खणला. थर तसाच होता, नवव्या टकटीला सुटला. म्हणजे आदल्या दिवशी मी बरोबर होतो. ती आली असती तरी बरोबर होतो आणि आली नाही तरी."

"हे गावाला सांगितलंत कधी?"

"गावाला नवरी हवी होती. खड्ड्याचं काय करणार गाव?"

"तुम्हाला वाईट नाही वाटलं? त्या नावाचं?"

"पहिली दहा वर्षं वाटलं." काकांनी खांदे उडवले. "मग सवय झाली. आता कोणी एंगेलबर्ट म्हणून हाक मारली तर मीच मागे वळून बघतो, की कोणाला बोलावतायत."

अफ्रा हसली आणि तिने वही मिटली. "अजून एक तास आहे," ती म्हणाली. "कदाचित वारा पडेल. थोडा वेळ लक्ष ठेवून..."

"लक्ष ठेवणं म्हणजे काय गं?" काकू म्हणाल्या. त्यांनी कढई खाली उतरवली. "मीही दुधावर लक्ष ठेवते. उतू जायचं तेव्हा ते जातंच. लक्ष ठेवल्याने एवढंच होतं, की ते जाताना आपल्याला छान दिसतं."

वीस वर्षं दुधाच्या कारखान्यात काढलेली बाई निळी वही उचलून उठली.

सव्वादहाला बसच्या थांब्यावर सगळा संघ उभा होता. लाल टोप्या, मेणाने चकाकणारे गोटे, दोन बाटल्या घरगुती दारूच्या, आणि एक अकॉर्डियन, ज्यावर कोणीतरी आधीच विजयाची धून वाजवून बघत होतं. बसचं इंजिन सुरू होतं. वायपर एकदा इकडे, एकदा तिकडे जाऊन दर खेपेला जास्त बर्फ ढकलत होते. रस्त्याच्या तोंडाशी, साखळीच्या खांबापाशी, विन्झेंझ ट्रकला टेकून उभा होता. अफ्राने काकांच्या वहीतला आकडा त्याला दाखवला. त्याने वाचला, पुन्हा वाचला आणि लाल टोपी काढून खिशात घातली.

"आली, आली लक्षठेवी!" कोणीतरी ओरडलं. "म्हातारी काय म्हणते?"

"म्हातारीला आमचा नमस्कार सांगितलास ना?"

"तिलाही घेऊन येऊ म्हणावं, एक जागा रिकामी आहे!"

अफ्रा हातातला कागद घेऊन सूचनाफलकाकडे निघाली. नेहमीसारखं. फलकावर पाच कागद एकावर एक लावलेले होते. टाचणी काढायला तिने हातमोजा काढला.

"कागद राहू दे गं," गेबहार्ड तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "ड्रायव्हर घाईत आहे. तोंडाने सांग. नेहमीचंच ना? उघडा, लक्ष ठेवू?"

त्याच्या खांद्यावर खेळाची पिशवी होती. पिशवीच्या तोंडातून एक पांढरी नाडी बाहेर आली होती, नीट इस्त्री केलेली. अफ्राने ती बघितली आणि तिला कळलं, की एवढ्या बढाया मारणाऱ्या भावाने एप्रन मात्र घरूनच धुऊन, इस्त्री करून बरोबर घेतला आहे. तिला त्याची एकदम माया आली. त्यामुळे काम आणखी अवघड झालं.

"गेबहार्ड, चारपर्यंत साडेबावीस पडला होता. चारपासून सातपर्यंत एकोणीस. वाऱ्यासकट."

"हे कोणी मोजलं?"

"ज्याला मोजायची सवय आहे त्याने."

गेबहार्डने चर्चच्या दिशेने पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी, भर उजेडात, काठी टेकवत एंगेलबर्टकाका उभे होते, आणि त्यांचा दंड घट्ट धरून रोझिनाकाकू. अकॉर्डियन थांबला.

"वऱ्हाडअडव्या," गेबहार्ड हळू आवाजात म्हणाला, पण त्यात नेहमीची धार नव्हती. तो पुन्हा अफ्राकडे वळला. "आणि समज, आली नाही तर? समज सगळा दिवस गेला, आपण इथे बसून राहिलो, त्या फ्लोरियानने फुकटात सामना जिंकला, आणि म्हातारी ढिम्म हलली नाही, तर?"

सगळे तिच्याकडे बघत होते, एकोणीस माणसं, ड्रायव्हर धरून.

"तर फारच छान होईल," अफ्रा म्हणाली.

मग मागून एकजण हसला आणि लगेच थांबला.

"अफ्रा," साखळीपाशी विन्झेंझने किल्ल्या वाजवल्या, "मला कागद नको. मला शब्द हवा. काय करू?"

तिने कागदाची घडी घातली, आणखी एकदा घातली आणि खिशात ठेवली. अख्ख्या हिवाळ्यात पहिल्यांदा तिचा आवाज चौकाच्या पलीकडच्या टोकापर्यंत गेला.

"बंद," ती म्हणाली. "म्हातारीखालचा रस्ता आत्तापासून बंद."